गाळाची मोरी

सही करायची की नाही, एवढाच प्रश्न होता. पण जगन्नाथराव बाबर यांनी त्या एवढ्याशा प्रश्नाचा असा काही घोळ घातला होता की विचारू नका. सांता क्लारात मुलीच्या घरी, जेवणाच्या टेबलाच्या खणात, त्यांच्या ग्रीन कार्डाचे फॉर्म पडून होते. गिरिजा मागच्या वर्षी अमेरिकेची नागरिक झाली, आणि आईवडील इथे आल्यावर तिने त्यांचे कागद तयार केले. सरलाबाईंनी कागद हातात पडले त्याच संध्याकाळी सही ठोकली. विट्याच्या घराच्या जिन्याला त्यांचे गुडघे कंटाळले होते, शिवाय इथे रोज पार्कात फिरायला चार मैत्रिणी मिळाल्या होत्या. जगन्नाथरावांच्या सहीची जागा मात्र दीड महिना कोरी. परतीच्या तिकिटाला उरले होते पाच आठवडे.

अडलं होतं जावयापाशी. जावई वाईट होता का? छे हो! शंतनू म्हणजे सोन्यासारखा मुलगा. स्वतः डिशवॉशर लावायचा, सासूच्या गुडघ्यांना हीटिंग पॅड आणून द्यायचा, ऑफिसची मीटिंग संपवून वरच्या खोलीतून खाली आला की पहिलं वाक्य, "बाबा, चहा टाकू?" पण त्या मुलाच्या मनात काय आहे, हे ब्रह्मदेवाला तरी कळत होतं का कोण जाणे. लग्नाला आठ वर्षं झाली, आणि सासरे-जावयांमध्ये हवामान, ट्रॅफिक आणि चहा यांच्यापलीकडे चौथा विषय निघाला नव्हता.

जावयाकडे चार दिवस पाहुणचार घ्यायला जाणं वेगळं आणि उरलेलं आयुष्य त्याच्या छपराखाली काढणं वेगळं, असं जगन्नाथरावांचं स्पष्ट मत. गिरिजाला आपण हवे आहोत, ते दिसतंच होतं. पण शंतनूला? त्याला मनापासून हवे असलो तर राहू. बायकोपायी सोसत असेल, तर आपला विट्याचा जिना काय वाईट आहे? म्हणून त्यांनी एकदा सरळ विचारलंही.

"शंतनूराव, आम्ही इथं कायमचे राहिलो, तर तुमची काही हरकत?"

"नो नो, बाबा! इट्स टोटली अप टू यू. नो प्रेशर ॲट ऑल."

आता सांगा, हे हो झालं की नाही झालं? जगन्नाथरावांनी ते वाक्य घेऊन घराभोवतीच्या रस्त्याला तीन फेऱ्या मारल्या. 'तुमच्यावर आहे' म्हणजे 'माझं काही म्हणणं नाही.' माझं काही म्हणणं नाही म्हणजे, आहे पण सांगत नाही. नो प्रेशर म्हणजे जा म्हटलं तरी चालेल. रात्री सरलाबाईंना हे सगळं समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अहो, तो सरळ बोलला. वाकडं तुम्ही ऐकताय." आणि कूस बदलून झोपल्यासुद्धा.

जगन्नाथरावांना सरळ उत्तरांची सवय होती. त्यांच्या भागातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे गावोगाव दुकानं टाकून सोनं वितळवायचं, शुद्ध करायचं. चुलते, मामा, सगळे केरळ नाहीतर बंगालला. हा एकटा पठ्ठ्या डिप्लोमा करून पाटबंधारे खात्यात चिकटला. बाकीचे सोनं गाळत होते, तेव्हा हा कालव्यातला गाळ काढत होता, आणि घरच्यांनी त्यावरून आयुष्यभर टोमणे मारले. चौतीस वर्षं कालवे, बंधारे, मोऱ्या. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, कधी टाकायच्या, कधी काढायच्या, कुठल्या आवर्तनाला किती पाणी सोडायचं. पाणी एकतर येतं नाहीतर येत नाही. पाण्याने त्यांना कधी 'अप टू यू' म्हटलं नव्हतं.

तर एका शनिवारी सकाळी कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालून जगन्नाथराव गॅरेजमधून आत येत होते. शंतनू जमिनीवर मांडी घालून बसलेला. पुढ्यात ॲल्युमिनियमचा लांब पत्रा, दोन्ही कडा वर दुमडलेल्या, छोट्या कालव्यासारखा आकार. बाजूला रबरी मॅट, लोखंडी जाळी, बिजागऱ्या आणि स्क्रूंचा ढीग.

"हे काय करताय शंतनूराव?"

"काही नाही, बाबा. स्लूस बॉक्स. पोर्टेबल करतोय, फोल्ड होऊन बॅकपॅकमध्ये जाईल असा."

स्लूस! जगन्नाथरावांच्या हातातली झारी हातातच राहिली. अमेरिकेत येऊन चार महिने झाले होते आणि पहिल्यांदाच एक शब्द असा कानावर पडला, जो त्यांच्या हक्काचा होता. "स्लूस? अहो, चौतीस वर्षं मी स्लूसच तर केले! बारा मोठे आणि लहान किती ते मोजले नाहीत. तुम्हाला कशाला हवाय?"

शंतनू जरा लाजला. दोन वर्षांपासून त्याला नाद लागला होता. डोंगराच्या पायथ्याच्या नद्यांमध्ये अजून सोन्याचे कण सापडतात म्हणे. हौशी लोक शनिवारी-रविवारी जाऊन वाळू धुतात. तो आतापर्यंत नुसत्या पॅनवर, म्हणजे एका पसरट ताटलीवर धुवायचा. आता पेटी करणार. नदीत तिरपी ठेवायची, वरून रेती टाकायची, पाणी वाहतं आणि सोनं आत राहतं. एवढं सगळं तो एका दमात बोलला. आठ वर्षांतलं त्याचं सगळ्यात मोठं भाषण.

"सोनं? नदीत?" जगन्नाथरावांना काही कळेना. सगळ्या नातेवाईकांनी सोन्यासाठी भट्टीपुढे डोळे जाळून घेतले, आणि हा मुलगा एवढ्या पगाराची नोकरी करून नदीत वाळू धुणार? "त्यात परवडतं काय?"

"परवडत काहीच नाही, बाबा. मजा येते. तुम्हाला स्लूसचं एवढं माहिती आहे, तर... तुम्हीच सांगा ना, कसं करायचं."

झालं! तुम्हीच सांगा. आता हे तो खरंच म्हणाला, की म्हातारा गॅरेजमध्ये येऊन उभाच राहिला म्हणून तोंडदेखलं म्हणाला? जगन्नाथरावांनी चहा होईपर्यंत यावर विचार केला. मग ठरवलं, की परीक्षा होऊन जाऊ दे. पेटी करू. दोघांनी मिळून एक काम तडीस नेलं, तर कळेल की या माणसाला आपण जवळ हवे आहोत की नको. आणि काम जमलं तर सही, नाहीतर चौदा तारखेचं विमान. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. फक्त सरलाबाईंना सांगितलं, म्हणजे पाच मिनिटांत गिरिजालाही कळलं.

"गॅरेजमध्ये मोरी बांधताय?" सरलाबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, वर-खाली तीन बाथरूम आहेत या घरात!"

"आंघोळीची मोरी नव्हे गं! स्लूसला आमच्याकडं मोरी म्हणतात. धरणाची मोरी."

"मग धरण कुठाय?"

जगन्नाथराव तडक गॅरेजकडे वळले.

पुढचे तीन शनिवार-रविवार गॅरेजमध्ये जे चाललं ते काय वर्णावं! जगन्नाथरावांनी आधी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. खाली कोपऱ्यात स्वतःचं नाव आणि तारीख, वर 'मंजूर' असं लिहायचीसुद्धा जागा सोडली. मग पहिला खटका उडाला तो उतारावरून. शंतनू म्हणाला, फुटाला एक इंच उतार ठेवतात. जगन्नाथराव खुर्चीतून उठलेच.

"फुटाला इंच? अहो, आमचा कालवा पाच हजार फुटांत एक फूट उतरतो! एवढा उतार दिला तर कालवा वाहून जाईल, शेतकरी आमच्या घरावर मोर्चा आणतील."

"बरोबर, बाबा. पण इथे पाणी थोडं फास्ट लागतं."

लागत असेल. या देशात सगळ्यांनाच घाई. जगन्नाथरावांनी उतार मान्य केला, पण मनात ते कुठेतरी खुपलंच. शंतनूने पट्ट्या कापल्या, जगन्नाथरावांनी कानशीने घासून त्यांच्या कडा मऊ केल्या. पेटी मधोमध दुमडावी म्हणून बिजागऱ्या बसवल्या, हाताने फिरवायचे नट लावले. तळाला रबरी मॅट, तिच्यावर जाळी, जाळीवर इंचभर अंतराने आडव्या पट्ट्या. त्या पट्ट्यांना इथे रिफल म्हणतात. शंतनूने ऑफिसच्या फोनवर कुणाला तरी सांगितलं, की सासरे रिफल बनवून देतायत. सरलाबाईंनी जिन्याखालून ऐकलं रायफल, आणि त्या दिवशी घरात जो गोंधळ उडाला त्यात भात लागला. ते असो.

चौथ्या दिवशी जगन्नाथरावांना पेटीतली उणीव सापडली.

"गाळाचं काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे गाळ, शंतनूराव! रेती-माती सगळी आत येणार. आत आली की पट्ट्यांत अडकणार, पेटी भरणार. कालव्याच्या तोंडाशी आम्ही काय करतो? पाणी आत घेण्याआधीच तळाला एक मोरी ठेवतो. गाळाची मोरी. जड ते सगळं त्या मोरीतून खाली जातं आणि पुढं स्वच्छ पाणी चालतं. चौतीस वर्षांत माझ्या एका कालव्यात गाळ साचला नाही."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि पेटीच्या वरच्या तोंडाशी, पट्ट्या सुरू व्हायच्या आधी, तळाला आडवी फट आखली. तिच्यावर सरकतं दार. शंतनू त्या नकाशाकडे बराच वेळ बघत राहिला. त्याने तोंड उघडलं. मिटलं. चष्मा काढून शर्टाला पुसला. पुन्हा बघितलं.

"साउंड्स गुड, बाबा," तो म्हणाला.

जगन्नाथराव इतके खूश झाले, की रात्री त्यांनी खणातून फॉर्म काढून बघितला. मग परत ठेवला. नदीवर काय होतंय ते आधी बघू.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी दोघं निघाले. सरलाबाईंनी धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. तीन तासांच्या ड्राइव्हमध्ये संभाषण झालं ते एवढंच: "एसी ठीक आहे ना, बाबा?" "ठीक आहे." डोंगराच्या पायथ्याला एका हौशी क्लबाचा नदीकाठ होता, शंतनू त्याचा मेंबर. तिथे हाताने चालणारी पेटी लावायला परवानगी होती. पाणी बर्फाचं, पायाला झोंबणारं. जगन्नाथरावांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, दोन चपटे दगड निवडले, त्यांच्यावर पेटी ठेवली, उतार मोजला, पुन्हा मोजला, आणि गाळाच्या मोरीचं दार बोटभर उघडलं.

"सोडा पाणी!" ते ओरडले. पाणी आधीपासूनच वाहत होतं, पण चौतीस वर्षांची सवय.

पेटी चालली, आणि काय सुंदर चालली! शंतनूने वरून रेती टाकली, की जड ते सगळं फटीतून सुळकन खाली, दगडांच्या मधे. काळी वाळू, बारीक खडे, सगळं. आणि पट्ट्यांवरून पुढे जायचं ते नितळ पाणी. जगन्नाथरावांना विट्यापासून इथपर्यंतच्या प्रवासात पहिल्यांदाच सुख म्हणजे काय ते कळलं.

"बघा, शंतनूराव! मॅटवर चिमूटभर गाळ नाही!"

"हो, बाबा. व्हेरी क्लीन."

एवढ्यात काठाकाठाने मेडेरोस नावाचे एक म्हातारे गृहस्थ आले. क्लबाचे जुने मेंबर, डोक्यावर उन्हाने विटलेली टोपी, हातात काठी. त्यांनी पेटीवरून बोट फिरवलं, बिजागऱ्या बघितल्या, कानशीने घासलेल्या कडा बघितल्या. "ब्युटिफुल वर्क," ते मनापासून म्हणाले. मग ते वाकले. गाळाच्या मोरीखाली बघितलं. भुवया वर गेल्या. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात जगन्नाथरावांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, की शंतनूने मेडेरोसकडे बघून मान हलवली. अगदी हळूच. नको, अशी. मेडेरोस गप्प झाले, टोपीला हात लावला आणि निघून गेले.

हे काय होतं? आपल्याला कळणार नाही अशी खूण? आपल्याविषयी? जगन्नाथरावांनी रेती ओतणाऱ्या जावयाकडे बघितलं, तर तो नेहमीसारखाच सौम्य. विचारावं तर काय विचारावं? 'मान का हलवलीत?' तो म्हणेल, 'नथिंग, बाबा.' त्याला आपली लाज वाटत असेल. ओळखीच्या माणसापुढे हा म्हातारा, हा पँट दुमडलेला अवतार, 'सोडा पाणी' म्हणून ओरडणारा. नाहीतर ती खूण कशाला?

दुपारपर्यंत चाळीस बादल्या झाल्या. मॅट दर दहा बादल्यांनी टबात धुतली. सोनं सोडाच, पिवळा म्हणावा असा कण नाही. मॅट अशी स्वच्छ, की तिच्यावर बसून जेवावं.

जेवताना जगन्नाथराव नदीकडे पाठ करून बसले. धपाट्याचा घास तोंडात फिरत होता. डोकं पार भंजाळून गेलं होतं. पेटी उत्तम चालली होती, ते त्यांना दिसत होतं. मग मिळालं का नाही? आणि मिळालं नाही, तर हा मुलगा वैतागत का नाही? चिडला असता तरी बरं झालं असतं, निदान काही कळलं असतं. परक्या माणसावरच कुणी चिडत नाही. आपण परकेच. संपला विषय. चौदा तारखेला निघायचं, सरलाला काय ते समजावू. त्यांना त्या क्षणी इतकं वाईट वाटलं, की चटणी तिखट असल्याचं निमित्त करून त्यांनी डोळे पुसले.

"बाबा, एक लास्ट बादली करू?" शंतनू मागून म्हणाला.

"करा की."

ही बादली शंतनूने स्वतः भरली, जरा लांब जाऊन. स्वतःच ओतली, अगदी सावकाश, ओंजळीओंजळीने. जगन्नाथराव कर्तव्य म्हणून मोरीच्या दारापाशी उभे. मग मॅट उचलली, टबात धुतली, आणि टबाच्या तळाला... एक, दोन, तीन, चार. चार पिवळे कण! उन्हात लखलखणारे!

"बाबा! सोनं!" शंतनू ओरडला. जरा जास्तच मोठ्यांदा.

"अरे वा! अरे वा, अरे वा!" जगन्नाथराव गुडघाभर पाण्यात चक्क नाचले. चाळीस बादल्यांत काही नाही आणि एकेचाळिसाव्या बादलीत चार! चुलत्या-मामांपैकी कुणी बापजन्मी नदीतून सोनं काढलं होतं का? त्यांनी जावयाकडे वळून बघितलं.

आणि तिथेच ते थांबले. सोनं टबात होतं, पण शंतनू टबाकडे बघतच नव्हता. तो बघत होता पेटीखाली, मोरीतून पडलेल्या ढिगाकडे, आणि त्याचा चेहरा असा, की जणू कुणाचं काहीतरी वाहून गेलंय.

चौतीस वर्षं जगन्नाथरावांनी ठेकेदारांची कामं तपासली होती. वर गुळगुळीत गिलावा दिसला, की आधी खाली वाकून बघायचं, हे हाडात भिनलेलं. ते वाकले. मोरीखालच्या ढिगात हात घातला, मूठभर वर काढलं. काळी वाळू. सगळी काळी वाळू खाली. मॅटवर एक कण नाही.

"शंतनूराव, ही काळी वाळू जड, म्हणून मोरीतून खाली आली. बरोबर?"

"हो, बाबा."

"आणि सोनं हिच्यापेक्षा जड की हलकं?"

शंतनूने बादली उचलून बाजूला ठेवली.

"मी विचारतोय!"

"जड. जवळजवळ चौपट."

जगन्नाथराव हळूच त्या चपट्या दगडावर टेकले. जड ते सगळं मोरीतून खाली. स्वच्छ पाणी पुढे. अरे देवा! सोनं बाहेर फेकायचं यंत्र बनवलं होतं त्यांनी. तेही इतकं चोख, की चाळीस बादल्यांत एक कण आत शिरू दिला नाही. चौतीस वर्षांचा अनुभव पणाला लावून बनवलं होतं. मग हे चार कण? हे कुठून आले? बादली लांब जाऊन भरलेली. ओंजळीओंजळीने ओतलेली. हळूहळू त्यांच्या डोक्यात उजेड पडला, आणि उजेडाबरोबर असा संताप चढला, की तोंडातून शब्द आला तो आठ वर्षांत आला नव्हता.

"तू टाकलंस! अरे गाढवा, तू टाकलंस यात सोनं!"

शंतनू दचकला. मग त्याने मान हलवली. हो, अशी.

"कुठून आणलंस?"

"माझंच आहे. पॅनवर मिळालेलं."

"किती होतं?"

"अकरा कण."

"किती वर्षांत?"

"दोन."

जगन्नाथरावांनी टबात बघितलं. चार. ढिगाकडे बघितलं. म्हणजे सात कण त्यांच्या मोरीने खाली फेकले, आणि हा मुलगा समोर उभा राहून बघत राहिला, तोंडातून अवाक्षर न काढता. "अरे, पण मोरी चुकलीय हे तुला कधी कळलं?"

"गॅरेजमध्येच. तुम्ही नकाशा काढलात तेव्हाच."

"आणि साउंड्स गुड म्हणालास? मघाशी त्या मेडेरोसला मानेनं गप्प केलंस? चूक दिसली तर सांगायची नाही होय रे? तोंड आहे ना तुला?"

"कसं सांगणार, बाबा?" आता शंतनूचाही आवाज चढला. पहिल्यांदाच. "तुम्ही मला अहो म्हणता! आठ वर्षं. शंतनूराव, अहो, तुम्ही. माझे स्वतःचे बाबा मला शिव्या देऊन हाक मारायचे. तुमच्याशी बोलताना मला वाटतं, मी तुमच्याकडे पाहुणा म्हणून बसलोय. पाहुण्याने घरच्या माणसाला 'तुमचं चुकलं' असं सांगायचं असतं का? आणि आज काहीच मिळालं नसतं, तर तुम्ही तिकीट कन्फर्म केलं असतंत. गिरिजाने मला सांगितलंय सगळं."

पाहुणा! अहो, अहो म्हणून आठ वर्षं ज्याचा मान ठेवला, तो पाहुणा होऊन बसला होता. आणि आपण त्याच्या घरात स्वतःला पाहुणे समजून, फॉर्म खणात ठेवून. दोन पाहुणे एकमेकांना चहा विचारत आठ वर्षं बसले होते, आणि घरचं माणूस कुणीच नव्हतं. बारा मोठ्या मोऱ्या बांधल्या जगन्नाथरावांनी, पण एवढी साधी गोष्ट कळली नाही. भडभडून आलं, आणि या वेळी चटणीचं निमित्त करायला चटणीही जवळ नव्हती.

"मग आता बघत काय बसलास?" ते नाक पुसत ओरडले. "सात कण खाली गेलेत तुझे! घमेलं आण. ती ताटली पण आण, पॅन की काय ते."

शंतनू धावला. दोघांनी पेटी उचलून काठावर फेकली, अगदी फेकली, आणि ढिगापुढे पाण्यात गुडघे टेकून बसले. फावड्याने ढीग घमेल्यात, घमेल्यातून पॅनमध्ये. पाणी इतकं गार, की बोटं आहेत की नाहीत कळेना. जगन्नाथराव पॅन घुसळत होते, काळी वाळू सगळीकडे उडत होती, आणि सोन्याचा पत्ता नव्हता. मधेच ते थांबले.

"एक शेवटचं विचारतो. सरळ मराठीत उत्तर दे. आम्ही इथं राहावं असं तुला वाटतं का?"

शंतनूने तोंड उघडलं. "इट्स टोट..." एवढं बाहेर पडलं, आणि त्याने तोंड मिटलं. ओल्या मनगटाने चष्मा वर सारला.

"राहा," तो म्हणाला. मग सासऱ्यांच्या हाताकडे बघितलं. "आणि बाबा, पॅन उलटा धरलाय तुम्ही. खाचांची बाजू पुढे पाहिजे. मघापासून चुकतंय तुमचं."

जगन्नाथरावांनी पॅन फिरवला.